आवळा कँडीचा डबा

आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या पद्मजा सोहोनी, म्हणजे आमच्या पद्मजाकाकू, यांच्या स्वयंपाकघरात दुकानाचं पाकीट टिकत नाही. घरी आलं की कात्रीने त्याचा कोपरा कापायचा, माल डब्यात ओतायचा आणि पाकीट रिसायकलिंगमध्ये टाकायचं. रवा, पोहे, चहा, बिस्किटं तर सोडाच, बर्फ वितळायला ड्राइव्हवेवर टाकायचं मीठसुद्धा त्यांच्याकडे तांदळाच्या जुन्या बादलीत असतं. आणि एकाही डब्यावर नाव नाही. मी एकदा हौसेने लेबलांची रीळ नेऊन दिली, तर म्हणाल्या, "अगं रश्मी, नावं लावायला मी काय परक्याच्या घरात राहते?" ती रीळसुद्धा मग त्यांनी एका डब्यात ठेवून दिली.

कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये आम्ही माउंटनवर राहतो. आहे ती टेकडीच, पण इथली माणसं तिला माउंटन म्हणतात आणि आपण पाहुण्यांनी कशाला वाद घालावा! काकू मूळच्या सांगलीच्या. १९७४ साली लग्न करून आल्या तेव्हा रविकांतकाका इथल्या स्टीलच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होते. काकूंना घरात बसवेना, म्हणून त्यांनी बेसमेंटमध्ये पाळणाघर काढलं आणि चांगलं वीस-बावीस वर्षं चालवलं. नर्सांची मुलं, बसड्रायव्हरांची मुलं, कारखान्यातल्या इटालियन आणि पोर्तुगीज कुटुंबांची मुलं, सगळी वरण-भात खाऊन मोठी झाली. आजही ग्रोसरीच्या दुकानात एखादा दाढीवाला धिप्पाड माणूस "मिसेस एस!" म्हणत येतो आणि काकूंना मिठी मारतो. काकू त्याच्या छातीपर्यंतही पोचत नाहीत, पण पहिला प्रश्न ठरलेला, "डिड यू ईट?"

"इतकी पोरं सांभाळली, पण एकाला साधं खरचटू दिलं नाही," हे काकूंचं ठेवणीतलं वाक्य. बाकी कशाची बढाई त्या मारत नाहीत, एवढी एक मारतात, आणि ती खरी असल्यामुळे आम्ही सगळे निमूट ऐकून घेतो. त्यांची मुलगी ऊर्मी जवळच्या मिल्टन गावी राहते. ती आणि तिचा नवरा नील दोघंही कामावर जाणारे, आणि त्यांना चार वर्षांची एक मुलगी, केया. ऊर्मीचं ऑफिस दर गुरुवारी हॅमिल्टनला असतं, तेव्हा येताना ती केयाला आजीकडे सोडते. काकूंचा आठवडा गुरुवारीच सुरू होतो आणि गुरुवारीच संपतो. बुधवारी त्यांना फोन केला तर त्या केयासाठी काहीतरी भाजत असतात, शुक्रवारी केला तर केया काय म्हणाली ते सांगत असतात.

काकांचा आठवडा मात्र निराळा. गांजा कायदेशीर झाला तेव्हा ते गप्प होते. उलट म्हणाले होते की मोठ्या माणसांना काय ओढायचं ते ओढू दे, पोरांना त्यापायी तुरुंग दाखवणं तरी थांबेल. त्यांचं डोकं फिरलं ते दुकानं आल्यावर. आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीत एक दुकान आलं, मग दुसरं, मग प्लाझात इंडियन ग्रोसरीला लागून तिसरं. चकचकीत काचा, वीकेंडची ऑफर, नावं अशी की आइस्क्रीमचं दुकान वाटावं. "दूध आणायला गाडी काढावी लागते आणि गांजा वाटेत लागतो," असं काका म्हणत. ते सिटी हॉलच्या प्रत्येक सभेला जात, पाच मिनिटं बोलायला मिळत ती पुरेपूर बोलत. मला या सभांचा कंटाळा आहे. तिथे बोलणाऱ्याला सगळे थँक यू म्हणतात आणि आपल्याला हवं तेच करतात. पण काकांचा मुद्दा खोटा नव्हता, हे मी तेव्हाही मानत होते. वस्तू विकायची परवानगी देणं निराळं आणि ती रस्तोरस्ती मांडून लोकांना बोलावणं निराळं.

आता गंमत बघा. ज्या तिसऱ्या दुकानावरून काकांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला, त्याच दुकानात काकू गिऱ्हाईक झाल्या.

काकूंच्या बोटांना संधिवात आहे. सांधे लाकडी मण्यांसारखे सुजतात. डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या की पोट बिघडायचं आणि नाही घेतल्या की बोटं झोपू द्यायची नाहीत. मंडळातल्या सुरुचीने त्यांना कानात सांगितलं, "अगं, झोपताना एक गमी घे, गांजाच्या अर्काची मऊ गोड वडी. मी वर्षभर घेतेय. लीगल आहे सगळं." काकू म्हणाल्या की हे मला घराबाहेर काढतील. सुरुची म्हणाली, "मग नको सांगूस. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

हे सगळं मला काकूंनीच नंतर सांगितलं. मेथी आणायला गेल्या होत्या त्या मेथीची पिशवी हातात घेऊनच शेजारच्या दुकानात शिरल्या. दारावर वयाची पाटी होती म्हणून पर्स उघडून लायसन्स काढून ठेवलं, तर काउंटरवरच्या माणसाने ते मागितलंच नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं. "एवढी का मी म्हातारी दिसते?" तो माणूस ईश्वर, मूळचा गयानाचा, पन्नाशी उलटलेला. त्याने "आंटी" म्हणत सगळं नीट समजावलं. कमीत कमी डोस घ्या, दोन तास थांबा, कुलपात ठेवा. आणि लहान मुलांपासून लांब ठेवा, हे त्याने दोनदा सांगितलं. काकू मनातल्या मनात हसल्या. लहान मुलांबद्दल त्यांना कोणी शिकवावं!

झोप लागली, हे मात्र खरं. कितीतरी महिन्यांनी सलग झोप लागली. सकाळी उठून त्यांनी कणीक मळली आणि त्या आनंदात काकांना पुरणपोळी करून घातली. काकांना वाटलं, संधिवात उतरला.

अडचण होती ती पाकिटांची. एका पाकिटात दोन वड्या, आणि पाकीट मुलांना उघडता येऊ नये असं केलेलं. एका जागी दाबायचं, दुसरीकडे चिमटीत धरायचं आणि ओढायचं. चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या सुजलेल्या बोटांनाही ते जमत नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नसावं. मग काकूंनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. कात्री घेतली, सगळ्या पाकिटांचे कोपरे कापले आणि वड्या डब्यात ओतल्या. लाल चौकट, पिवळा इशारा, मुलांपासून दूर ठेवा असं दोन भाषांत छापलेली ती पाकिटं त्यांनी प्लाझातल्या कचरापेटीत नेऊन टाकली, कारण घरचं रिसायकलिंग काका तपासतात.

डबा निवडला तो आवळा कँडीचा. झाकणाला पोचा आलेला, वरच्या फळीवरचा. आंबटाने काकांचे दात शिवशिवतात, त्यामुळे ते त्या डब्याला हात लावत नाहीत. आवळा कँडी केयाची आवडती, ती काकूंनी शेजारच्या डब्यात हलवली. दोन्हीवर साखर, दोन्ही तपकिरी, दोन्ही तेवढ्याच. कुठल्या डब्यात काय आहे हे घरात एकट्या काकूंना ठाऊक, आणि पन्नास वर्षं तेवढं पुरलं होतं. त्यांनी ती वस्तू नवऱ्यापासून लपवली. नातीपासून लपवायला हवी, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी ऊर्मी आणि नील मित्राच्या लग्नाला गेले आणि केया आजीकडे आली. दुपारची जेवणं झाली. काकू आतल्या खोलीत सांगलीच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. केयाने काकांपुढे तीन बोटं धरली आणि फळीकडे दाखवलं, "आबा, कँडी प्लीज!" काकूंचा नियम जेवणानंतर एक, पण आजोबांचे नियम कुठल्या घरात आजीसारखे असतात? त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेला पोचा आलेला डबा काढला आणि तीन वड्या नातीच्या हातावर ठेवल्या. डबा परत जागेवर ठेवला आणि पेपर वाचत बसले.

दोनेक तासांनी मला काकूंचा फोन आला. "रश्मी, जरा येतेस का? केया कशीतरीच करतेय." मी गेले तेव्हा केया गालिच्यावर बसून हसत होती. उठायला गेली आणि कोलमडली. पुन्हा हसली. मग हसणं थांबलं आणि तिची मान काकूंच्या खांद्यावर पडली. डोळे अर्धवट मिटलेले, हाक मारली तर ओ नाही. काका म्हणत होते, "झोप आलीये तिला, जेवलीये भरपूर." मला राग आला. झोप आलेलं मूल मला कळतं, मी दोन वाढवलीत. मी म्हटलं, "काका, कोट घाला. गाडी काढतेय."

इमर्जन्सीत लहान मूल पाहिल्यावर आम्हाला बाहेर थांबवलं नाही. नर्सने केयाच्या बोटाला चिमटा लावला, छातीवर तारा लावल्या आणि शांतपणे एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताप होता का? पडली का? काय खाल्लं? काकांनी सगळं इंग्रजीत सांगितलं, भात, वरण, भेंडी. मग आठवून म्हणाले, "अँड थ्री कँडीज. आवळा. इंडियन गूझबेरी."

केयाच्या पाठीवरून फिरणारा काकूंचा हात थांबला.

"कुठल्या डब्यातल्या?" त्यांनी मराठीत विचारलं.

"आवळ्याच्याच. तो झाकणाला पोचा आलेला."

तेवढ्यात नर्सने पुढचा प्रश्न विचारला. तो ती सगळ्यांनाच विचारत असावी. घरात कोणाची औषधं आहेत का? कॅनबिस, म्हणजे गांजा, आहे का, गमीज वगैरे?

काका असे उसळले की शेजारच्या पडद्याआडून कोणीतरी डोकावलं. "इन माय हाउस? नेव्हर! यू नो हू आय अॅम? आय अॅम द वन फायटिंग दीज शॉप्स! सिटी हॉलमध्ये विचारा, रविकांत सोहोनी कोण!"

नर्सने काकूंकडे पाहिलं. मी पण पाहिलं. काकूंचं तोंड पांढरं पडलं होतं. एक नवरा होता, त्याची सगळ्या गावातली इभ्रत होती, आणि खांद्यावर नात होती. त्यांनी फार वेळ घेतला असं मला वाटलं, पण घेतला नसावा.

"देअर इज," काकू म्हणाल्या. "माइन. शी एट थ्री. फाइव्ह मिलिग्राम, ईच." आणि मग काकांकडे वळून, "अहो, त्या डब्यात आता आवळा नाही."

"थँक यू," नर्स म्हणाली. "दॅट हेल्प्स अस अ लॉट." आणि ती डॉक्टरला बोलवायला गेली.

नंतर डॉक्टरने सांगितलं, हे कळलं नसतं तर केयाच्या डोक्याचा स्कॅन करावा लागला असता आणि पाठीत सुई घालून पाणी काढावं लागलं असतं. हल्ली अशी मुलं येतात, बहुतेक घरी सांगत नाहीत, असंही ती म्हणाली. आता फक्त लक्ष ठेवायचं, सलाइन लावायचं आणि उतरायची वाट बघायची. काका भिंतीजवळच्या खुर्चीत बसले होते. ते कोणालाच उद्देशून म्हणाले, "मी दिल्या. माझ्या हाताने दिल्या." दिव्याखाली अंधार ही म्हण त्यांनी सभांमध्ये सिटीच्या लोकांना किती वेळा भाषांतर करून ऐकवली होती!

ऊर्मी आणि नील लग्नाच्या कपड्यांतच आले. ऊर्मीला काकूंनी स्वतः सांगितलं, काही कमी केलं नाही आणि काही वाढवलं नाही. ऊर्मी आधी डॉक्टरशी बोलली, केयाच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली, मग आईकडे वळली. "आई, यू टेक इट, फाइन. आय डोन्ट केअर. पण लपवलंस? माझ्यापासून? आय लीव्ह माय चाइल्ड विथ यू."

सकाळी केया उठली, तारा ओढायला लागली आणि पॅनकेक मागू लागली. हॉस्पिटलची सोशल वर्कर दोन-चार प्रश्न विचारून गेली. ती सभ्यपणे बोलत होती, पण आपल्या घराबद्दल असे प्रश्न विचारले जातायत हे ऐकताना काकूंनी पदर घट्ट धरून ठेवला होता. निघताना ऊर्मी म्हणाली, "गुरुवारचं मी बघते काहीतरी." एवढंच म्हणाली. काकूंना ते पाठीतल्या सुईपेक्षा जास्त लागलं असेल.

पुढचा गुरुवार आला आणि गेला. केया मिल्टनच्या डे-केअरमध्ये जाऊ लागली. मी गुरुवारी मुद्दाम चहाला जाऊ लागले, तर काकूंनी माझ्यासाठीही पोळीचा छोटा लाडू केलेला असायचा, सवयीने. "इतकी पोरं सांभाळली" हे वाक्य त्यांच्या तोंडून बंद झालं. मला ते ऐकायचा कंटाळा यायचा, पण बंद झाल्यावर फार वाईट वाटलं.

एका दिवशी गेले तर ओट्यावर सगळे डबे उतरवून ठेवलेले. काकू मी दिलेली रीळ शोधत होत्या, आणि कुठल्या डब्यात ठेवली ते त्यांना आठवत नव्हतं. शेवटी सापडली. काकूंनी मराठीत आणि काकांनी खाली इंग्रजीत, अशी मिठापासून हिंगापर्यंत सगळ्यांना नावं लावली. काका सुवाच्य अक्षरात लिहीत होते. ते रागावलेले असतील असं मला वाटलं होतं, पण रागवायला त्यांना तोंड कुठे होतं? त्यांनी एकदाच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?" काकू म्हणाल्या, "तुम्ही भाषण दिलं असतं." काकांनी पुढचं लेबल कापलं.

काकूंनी तीन आठवडे काही घेतलं नाही. मग एक दिवस त्या बाजारातून कुलपाची छोटी लोखंडी पेटी घेऊन आल्या, तिची किल्ली मंगळसूत्रात ओवली आणि काकांना म्हणाल्या, "मी घेणार आहे. तुमच्यासमोर घेणार आहे. पाकिटातच ठेवणार आहे." त्या दिवसापासून रोज जेवण झालं की काकू पेटी उघडतात आणि बंद पाकीट टेबलावर ठेवतात. ते दाबून, चिमटीत धरून, ओढून उघडून देतात ते काका.

नोव्हेंबरमध्ये चौथ्या दुकानाची बातमी आली. लायब्ररीच्या समोरचा गाळा. सिटी हॉलमध्ये सभा ठरली. रहिवाशांच्या गटाचं काम देवदत्त बघतो. तो घरं विकण्याच्या धंद्यात आहे, माणूस चांगला, पण प्रत्येक गोष्टीत त्याला पॉइंट दिसतो. केयाबद्दल त्याला कुठून तरी कळलं होतं. तो काकांना म्हणाला, "काका, धिस इज अवर बेस्ट पॉइंट! आपल्या नेबरहुडमधलं मूल! कोणाचं, कुठे, सांगायची काही गरज नाही." काकांना ते पटलं. त्यांनी भाषण लिहिलं आणि सवयीने काकूंना वाचून दाखवलं. मी तिथेच होते.

काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डबा माझा होता आणि हात तुमचा. दोन्ही सांगायचं असेल तर जा. नाहीतर घरी बसा."

"पद्मा, लोक हसतील."

"हसू देत. अर्धं सांगायची सवय मला लागली होती, त्याचं काय झालं ते बघितलंत ना?"

काका रागाने उठले, बेसमेंटमध्ये जाऊन आले, पुन्हा बसले. आणि ते भाषण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

सभेला मी कंटाळा बाजूला ठेवून गेले. काका पाच मिनिटांतली दोनच मिनिटं बोलले. आवाज चढला नाही. लहान मूल माझी नात होती, दुकानाच्या वस्तू माझ्या घरात होत्या, मला माहीत नव्हतं, आणि मी स्वतः तिला भरवल्या, एवढंच सांगितलं. "माय वाइफ विल स्पीक आफ्टर मी," म्हणाले आणि माइक खाली करून दिला, कारण काकू बुटक्या.

काकूंनी पर्समधून बंद पाकीट काढलं आणि उघडायला लागल्या. उघडेना. पहिल्यांदा लोक हसले, मग गप्प झाले. काकूंनी पाकीट खाली ठेवलं. त्यांचं इंग्रजी पन्नास वर्षांचं आहे आणि अजूनही सांगलीचं आहे. त्या म्हणाल्या, "चाइल्ड कॅनॉट ओपन. व्हेरी गुड. आय ऑल्सो कॅनॉट ओपन. सो आय पुट इन माय डबा. द मॅन इन द शॉप टोल्ड मी टू टाइम्स, कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन. आय लाफ्ड. दॅट इज माय मिस्टेक. आय विल स्टिल बाय, बिकॉज माय हँड्स आर पेनिंग. बट लुक. थ्री शॉप्स आर देअर टु सेल मी. नाउ फोर. हू इज देअर टु टीच मी?"

सभेने थँक यू म्हटलं. चौथं दुकान जानेवारीत उघडलंच, परवाना सिटीच्या हातात नसतो म्हणे. पब्लिक हेल्थच्या ऑफिसमधली एक बाई मात्र काकूंना शोधत आली आणि सीनियर्स सेंटरमध्ये येऊन हेच बोलाल का, म्हणून विचारून गेली. काकू जातात. पोचा आलेला रिकामा डबा बरोबर नेतात.

ती सभा ऊर्मीने मिल्टनला कॉम्प्युटरवर पाहिली होती. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "गुरुवारी केयाला आणते," म्हणाली.

डिसेंबरातला तो पहिला गुरुवार. मी समोर ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते. ऊर्मीची गाडी आली. केया उतरली आणि "आजी!" म्हणून धावत सुटली. काकूंनी तिला जवळ घेतलं, आत पाठवलं, आणि मग गळ्यातून किल्ली काढून ऊर्मीपुढे धरली. "संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे ठेव." मला वाटलं, ऊर्मी नको म्हणेल. तिने किल्लीकडे पाहिलं, ती घेतली, कोटाच्या खिशात टाकली आणि गेली. मला ऊर्मीचा राग आला. जिने निम्म्या माउंटनची पोरं वाढवली तिने पोटच्या मुलीच्या हातावर किल्ली ठेवायची! मी तसं काकूंना बोललेही. काकू म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे. तू मध्ये पडू नकोस."

मग तेच सुरू झालं. सकाळी केया यायची, किल्ली जायची. संध्याकाळी किल्ली यायची, केया जायची.

फेब्रुवारीत एका गुरुवारी बर्फ फार झाला. ऊर्मीने ऑफिसमधून परस्पर मिल्टन गाठलं आणि केयाला न्यायला नील आला. किल्ली ऊर्मीच्या खिशात मिल्टनला राहिली. त्या थंडीत काकूंची बोटं वळत नव्हती. काका म्हणाले, फोन कर. काकूंनी केला नाही. काका म्हणाले, मी पेटी तोडतो. काकूंनी तोडू दिली नाही. रात्र त्यांनी गरम पाण्याच्या पिशवीवर काढली. सकाळी ऊर्मीला खिशात किल्ली लागली तशी ती कामाला दांडी मारून आली. दारातच म्हणाली, "आई, व्हाय डिडन्ट यू कॉल मी? मी आले असते ना!"

"तू विश्वासाने नेली होतीस," काकू म्हणाल्या. "मी परत कशी मागू?"

ऊर्मीने आईची बोटं हातात घेऊन पाहिली. बराच वेळ सोडली नाहीत. हे मला काकांनी सांगितलं, आणि सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा शोव्हल करत होते. हॅमिल्टनच्या हिवाळ्यात माणूस दुसरं काय करतो? ऊर्मीची गाडी आली, केया उतरली, दारात काहीतरी बोलणं झालं आणि गाडी मागे वळून रस्त्याला लागली. तेवढ्यात काकू घरातल्या सपाता घालून बर्फात धावत आल्या, एक हात वर, गळ्याशी किल्ली लोंबकळतेय. "ऊर्मी! अगं, किल्ली! किल्ली न्यायची विसरलीस!"

गाडी थांबली. ऊर्मीने काच खाली केली.

"विसरले नाही, आई," ती म्हणाली.

काच वर गेली आणि गाडी कोपऱ्यावरून वळली. काकू किल्ली मुठीत धरून तशाच उभ्या होत्या. मी फावडं टाकून त्यांच्याकडे निघाले होते, पण दारातून केयाने "आजी, इट्स कोल्ड!" म्हणून हाक मारली, आणि काकू डोळे पुसत आत गेल्या.